झाडांची हानी: निरंक

तारखा आधी लिहितो. ज्या तक्रारीवर तारीख नसे तिला आमच्या न्यायालयात कोणी हात लावत नसे, आणि ती सवय मला या वयात सोडायची नाही.

श्रावणातला दुसरा रविवार. फुलंब्री रस्त्यालगतच्या टेकडीवर समारंभपूर्वक रोपे लावली गेली. जबाबदार: ज्यांनी रोपांशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे कोठेही लिहून ठेवले नाही, ते सर्व.

धुळवडीनंतरचा तिसरा दिवस, दुपार. टेकडीला वणवा लागला. जबाबदार: अज्ञात इसम.

त्यानंतरचा सोमवार. वणव्याचा पंचनामा झाला. जबाबदार: पंचनाम्यास आलेले दोन कर्मचारी, आणि आणखी एक इसम, ज्याच्याविषयी योग्य ठिकाणी लिहीन.

चैत्राची अखेर. कोणत्या कारणाने किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला गेला आणि झाडाझुडपांनी किती परत शोषला, याची शहराची नोंदवही तयार झाली. तीत जळालेल्या टेकडीवरची सर्व रोपे जिवंत आहेत व कार्बन शोषत आहेत अशी नोंद आहे. जबाबदार: नोंदीखालच्या तीन सह्यांचे धनी, म्हणजे तयार करणार, तपासणार आणि मान्य करणार.

त्यातली पहिली सही माझ्या नातीची आहे. उद्या कोणी या नोंदीबद्दल जाब विचारला तर वरच्या दोन सह्या बाजूला होतील आणि पहिली उरेल, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. म्हणून हे लिहिताना मला राग आहे तेवढीच भीती आहे. खरे सांगायचे तर भीती जास्त आहे.

मी दिवाणी न्यायालयात नाझर होतो. समन्स बजावणारे बेलिफ नाझराच्या हाताखाली असतात, आणि जप्तीचे वॉरंट त्याच्याच टेबलावरून निघते. लोक मला घाबरत, मी कोणाला घाबरलो नाही. एकदा जप्तीच्या वेळी एका गृहस्थाने माझ्यावर कुत्रे सोडले. मी ओट्यावर उभे राहून कुत्र्याचे वर्णन अहवालात लिहून घेतले आणि मगच खाली उतरलो. निवृत्तीनंतर माझ्या वयाची माणसे सकाळी बागेत हसण्याच्या वर्गाला जातात. मी टपाल कार्यालयात जातो. फुटलेली गटारे, बंद दिवे, चुकीचे नामफलक, रुग्णालयापुढचे भोंगे, अशा अनेक विषयांवर माझी पत्रे आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोचपावत्याही आहेत. शहराचे नवे नाव मी पत्रावर पूर्ण लिहितो. जुन्या नावाने आलेली उत्तरेही मला मिळतात.

माझी नात पर्यावरणशास्त्र शिकली आणि दोन वर्षांपूर्वी कंत्राटी नोकरीवर या शहरात परत आली. राहते माझ्याजवळच. तिचे काम म्हणजे ही नोंदवही. आठवड्यातले चार दिवस ती स्कूटरवरून करमाड, शेंद्रा, बिडकीन असे फिरते. कोणाच्या बॉयलरमध्ये कोणते इंधन, कोणाचे जनरेटर किती तास, वीटभट्टीत काय जळते, हे ती विचारून लिहून आणते. उरलेले दोन दिवस झाडे मोजते. सकाळच्या चहाला तिचे तक्ते टेबलावर पसरलेले असतात. डाव्या बाजूला मथळा ‘सोडले’, उजव्या बाजूला ‘शोषले’.

सुरुवातीला मी या उद्योगाची थट्टा केली. “वायूला समन्स कसे बजावणार? पत्ता काय लिहिणार?”

“पत्ता आहे, आजोबा. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर,” ती म्हणाली. नंतर तिने मला नीट समजावून सांगितले. माणसे जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात त्यातला साधारण निम्माच हवेत उरतो. बाकीचा जमिनीवरची झाडे, माती आणि समुद्र मिळून घेतात. दरवर्षी, गाजावाजा न करता.

“कोणत्या करारान्वये?” मी विचारले.

“करार वगैरे काही नाही.”

“मुदत?”

“नाही.”

“मग उद्या घ्यायचे थांबवायचे ठरले तर आधी नोटीस?”

ती हसली. तिला वाटले मी पुन्हा थट्टा करतो आहे. मी करत नव्हतो. साधा भाडेकरू काढायचा तरी कायदा मुदत द्यायला लावतो. आणि इथे सगळे जग ज्याच्या आधारावर श्वास घेत आहे, त्याच्याकडे एक ओळ लेखी नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिचे हसणे थांबले. “फार उन्हाच्या, कोरड्या वर्षी जमीन कमी घेते,” ती सावकाश म्हणाली. “जंगल जळलं तर आधी घेतलेलंही परत सोडते. आणि समुद्राचं पाणी तापलं की त्यात वायू कमी मावतो.”

समुद्राचे मला समजेना. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांचा समुद्र म्हणजे ऐकीव गोष्ट. ते मला चाचांनी समजावले, स्वतःच्याही नकळत.

चाचा म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी गोटी सोड्याची गाडी लावणारे माझे मित्र. पूर्वी ते रोपवाटिकेत माळी होते. वयाने माझ्याएवढेच, तरी सगळे चाचा म्हणतात म्हणून मीही म्हणतो, आणि ते मला नाझरसाब म्हणतात. एका दुपारी मी नातीला घेऊन गाडीवर गेलो, तर बर्फ संपलेला. चाचांनी उन्हात राहिलेली एक बाटली उचलली.

“गरम हाय साब. फोडली का सगळा ग्यास भाईर. मंग राहिलं काय, नुसतं खारं पानी.”

त्यांनी गोटी दाबली. फेस त्यांच्या कोपरापर्यंत उसळला आणि बाटलीत अर्धेच पाणी राहिले. माझी नात म्हणाली, “आजोबा, हाच समुद्र.” चाचा म्हणाले, “समिंदर नाय बेटी, लिंबू सोडा.” ती दोघे खूप हसली. मी त्या अर्ध्या बाटलीकडे पाहत राहिलो. 

वणवा मी माझ्या गच्चीवरून पाहिला. टेकडीच्या माथ्यावर आधी एक करडी रेघ दिसली. मी चष्मा पुसेपर्यंत तिची भिंत झाली होती. वाळलेले गवत पेटताना आवाज होतो, कोणी कोरे कापड एकसारखे फाडत असावे तसा. मी खाली पोचलो तेव्हा चाचा आणि रस्त्यावरची चार माणसे लिंबाच्या डहाळ्यांनी कडेची आग झोडपत होती. अर्ध्या तासात जळण्यासारखे काही उरले नाही म्हणून आग विझली. घरी परतलो तेव्हा दोरीवरच्या माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर राख होती. पातळ, पानाच्या आकाराची, शिरांसकट. बोट लावले आणि तिची भुकटी झाली.

सोमवारी दोन कर्मचारी पंचनाम्याला आले. पंच म्हणून प्रतिष्ठित नागरिक पाहिजे होता, आणि पायथ्याशी मी बसलेलोच होतो. त्या पंचनाम्याचे मला जे आठवत होते ते इतकेच, की ऊन भयंकर होते, त्यांच्यातल्या एकाचे अक्षर वाचवत नव्हते, मी त्याला त्यावरून बोललो, आणि ‘जीवितहानी: निरंक’ असे लिहिले गेले. कोणी मेले नव्हते. ते खरेच होते.

चैत्र संपताना एके सकाळी नातीच्या तक्त्यावर माझी नजर गेली. उजव्या बाजूला, ‘शोषले’खाली, आमची टेकडी. श्रावणात लावलेल्या सगळ्या रोपांचा आकडा जसाच्या तसा.

“ही टेकडी जळाली आहे,” मी म्हणालो.

“गवत जळालं. रोपं वाचली, तसा पंचनामा आहे,” ती म्हणाली आणि हेल्मेट उचलून गेली. एरवी ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालते. त्या दिवशी घातला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

मी पहिले पत्र त्याच दिवशी तिच्या कार्यालयाला टाकले. दुसरे आठवड्याने. तिसरे स्वतः नेऊन दिले. खिडकीतला कारकून मला ओळखतो.

“काका, तुमच्या पत्रांची आम्ही वेगळी फाइल केलीय.”

“क्रमांक सांगा.”

“क्रमांक नाही. नुसतं ‘जाडी फाइल’ म्हणतो आम्ही.”

“म्हणजे नोंदणी न झालेली फाइल. तसे लिहून द्या.”

“बाप रे. काका, चहा घेता का?”

“पोच घेतो.”

त्याने शिक्का मारला. मागच्या टेबलावरची बाई हसू दाबत होती. मला हसू येण्यासारखी मनःस्थिती नव्हती. त्या सकाळी नातीने सांगितले होते, की महिनाअखेर नोंदवही वर जाणार, आणि वर गेली की दुरुस्ती नाही.

उत्तर आले, तेही लवकर. ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर वणव्यात झाडांची हानी निरंक आहे.’

हा शब्द ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांना कदाचित ठाऊक नसेल. मासिक विवरणपत्रात ज्या रकान्यात सांगण्यासारखे काही नसते तेथे निरंक लिहितात. रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारणा येते. निरंक लिहिले की येत नाही. मी तो शब्द तीस वर्षांहून अधिक काळ लिहिला. पाहिले आणि काही सापडले नाही, तेव्हा लिहिला. पाहिलेच नाही, तेव्हाही लिहिला. दोन्हींना शब्द एकच आहे, आणि वाचणाऱ्याला त्यांतला फरक कळण्याची सोय मराठी कार्यालयीन भाषेने ठेवलेली नाही. नव्या कारकुनांना मीच शिकवत असे: निरंक लिहा आणि पुढे दोन तिरक्या रेघा ओढा, म्हणजे नंतर कोणाला त्या रकान्यात काही घुसडता येणार नाही.

मी चौथे पत्र लिहिले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत कडक पत्र असेल. ‘ज्या इसमाने टेकडीवर पाऊल न ठेवता हा शब्द लिहिला, त्याने तो कशाच्या आधारे लिहिला याचा जाहीर खुलासा करावा. असा इसम सार्वजनिक दस्तऐवजास हात लावण्यास अपात्र आहे.’ शेवटी पंचनाम्याची नक्कल मागितली आणि फी भरली.

नक्कल मिळाली त्या दिवशी बाहेर लू वाहत होती. मी कार्यालयाच्या जिन्यात उभा राहून पाकीट फोडले. जीवितहानी: निरंक. पशुहानी: निरंक. घरांची हानी: निरंक. झाडांची हानी: निरंक. चारही शब्दांपुढे दोन दोन तिरक्या रेघा. निरंकमधल्या ‘क’चा गाठ मारून आत वळवलेला शेपटा. खाली पंच क्रमांक एक म्हणून माझी सही, सहीखाली माझ्या सवयीची ठिपक्याची जोडी.

मी जिन्यावर बसलो. शिपायाने विचारले, “पाणी देऊ का, बाबा?” मी नक्कल घडी घालून खिशात ठेवली. दाव्यात साक्षीदार उलटताना मी शेकडो वेळा पाहिले होते. स्वतःचाच कागद आपल्याविरुद्ध साक्ष देतो आहे, हे मी प्रथम पाहिले.

तेथून रिक्षा करून तडक चाचांच्या गाडीवर गेलो.

“चाचा, पंचनाम्याच्या दिवशी मी वर गेलो होतो का?”

“कुठं, साब. तुमी तं इथंच व्हते, या बाकड्यावर.”

“कोणीच वर गेले नाही?”

“मी म्हनलो व्हतो, वर चला, बघून या. तुमी म्हनले, ऊन लई हाय, दिसतंयच की इथनं. मंग त्या पोऱ्याचं अक्षर बघून तुमी भडकले. म्हनले, दे इकडं, हे काय लिहिनं हाय? त्यो एकेक वाचून दाखवायला लागला, तुमी लिहायला लागले. निरंक, निरंक, निरंक. तबला वाजवल्यावानी.”

“तुम्ही मला अडवले का नाही?”

चाचांनी बाटली पुसणे थांबवले. “इचारलो की. निरंक म्हंजे काय, साब? तुमी म्हनले, ‘काही नाही.’ मी म्हनलो, काही नाय तं राहू द्या. मोठ्या मानसाचं काम हाय, आपन कायको बीच में बोलावं.”

मी त्यांना अर्थ सांगितला होता. त्यांना ती टाळाटाळ वाटली. आणि दोघांचेही बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघे टेकडीवर चढलो. चाचांचा गुडघा दुखतो आणि माझा श्वास, म्हणून दर वळणावर थांबत गेलो. प्रत्येक रोपाला तारेने पत्र्याचा क्रमांक बांधलेला होता. पत्रे शाबूत होते. त्यांच्याखाली काळ्या काड्या होत्या, काही ठिकाणी काडीही नव्हती, क्रमांक नुसता जमिनीवर पडला होता. वाऱ्याने पत्रे तारेवर किणकिणत. एवढ्या मोठ्या टेकडीवर दुसरा आवाज नव्हता, पाखराचासुद्धा. चाचा वाकून प्रत्येक काडीला नखाने ओरखडा काढत. आत हिरवे आहे का ते माळी असेच बघतात.

“मेलं,” ते म्हणत. पुढच्याला, “मेलं.” मी वहीत लिहीत गेलो. मधेच एखाद्याला ते म्हणत, “ह्ये जगंल, पानी दिलं तं.” अशी रोपे माझ्या दोन हातांच्या बोटांवर मोजून झाली आणि बोटे उरली. त्यांतले एक चाचांनी स्वतः लावलेले करंजाचे होते. त्याच्या बुंध्याशी ते थोडा वेळ बसले आणि म्हणाले, “नाझरसाब, कागदावर तं ह्ये समदे हवा पियायलेत ना?”

मी माथ्यावरून शहराकडे पाहिले. धुळीच्या थराखाली घरे, त्यांच्यापलीकडे कारखान्यांच्या बाजूला करड्या पट्ट्या. आणि मला फार भीती वाटली. मरणाची नाही, त्या वयातून मी गेलो आहे. मला वाटले, अशी टेकडी आमचीच आहे का? प्रत्येक गावात एक बाकडे असेल, एक सोड्याची गाडी असेल, आणि अक्षर चांगले असलेला एक म्हातारा असेल. त्या सगळ्यांनी मिळून किती झाडे जिवंत लिहून ठेवली असतील?

त्या दिवशी नात दुपारी जेवायला आली तेव्हा मी नक्कल तिच्या ताटाशेजारी ठेवली. तिने ती उघडलीच नाही.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“केव्हापासून?”

“तक्ता भरताना पंचनामा समोरच होता की. तुमचं अक्षर मी ओळखणार नाही?” तिने भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. “बाकीच्या सगळ्या जागा मी स्वतः जाऊन बघितल्या, आजोबा. एकूणएक. फक्त या टेकडीवर गेले नाही. म्हटलं, सगळ्या गावाला पत्रं लिहून घाम फोडणारा माणूस आहे. त्यानं पाहिलंय, म्हणजे पाहिलंय.”

“मग मी इतकी पत्रे पाठवली तेव्हा बोलली का नाहीस?”

“तुम्ही विसरलात हे कळलं मला. पण खाली तुमची सही आहे आणि वर तुम्हीच त्या माणसाला अपात्र म्हणताय. कोणत्या तोंडानं सांगू?” तिचे डोळे भरले. “आणि भीती वाटली. आधी तुमच्यासाठी. मग माझ्यासाठी.”

मग मी विचारले, की या एका टेकडीने जगाच्या हिशेबात काय फरक पडतो. मला वाटते, मला सुटका पाहिजे होती.

तिने ती दिली नाही, आणि मला घाबरवलेही नाही. ती प्रामाणिकपणे बोलली. “जगाचा आकडा तुमच्या टेकडीवर ठरत नाही. हवेत किती उरलं ते थेट मोजतात, समुद्रातल्या एका बेटावरच्या डोंगरावर, रोज. वरून उपग्रह बघतात. ते चुकवता येत नाही. पण आम्ही एवढं शोषतो, आम्ही एवढं कमी केलं, हे म्हणणं पुष्कळदा आमच्यासारख्यांच्या कागदांवरून वर जातं. कागदावर शोषलेलं हवेत तसंच राहतं. तिथं कमी होत नाही.”

“असे किती कागद असतील?”

“ते कुणालाच माहीत नाही, आजोबा. तेच तर.”

मी त्याच दिवशी प्रतिज्ञापत्र केले. सत्य प्रतिज्ञेवर लिहून दिले, की पंच क्रमांक एक या नात्याने मी टेकडीवर गेलो नव्हतो, झाडांबाबतचा माझा शब्द न पाहता लिहिलेला आहे, आणि आता मी व एक निवृत्त माळी यांनी प्रत्यक्ष केलेली मोजणी सोबत जोडली आहे. नातीने टेकडीसमोरचा जुना आकडा खोडला, नवा लिहिला, शेजारी ‘प्रत्यक्ष तपासणीअंती दुरुस्ती’ अशी टीप देऊन सही केली आणि तक्ता पुढे पाठवला. महिना संपायला तेव्हा तीन दिवस होते.

मला उत्तर आले: पंचास पंचनामा पूर्ण झाल्यानंतर मत बदलण्याची मुभा नाही, सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. नातीला उत्तर तोंडी मिळाले. तिला बोलावून सांगण्यात आले, “घरातले वाद कार्यालयात आणू नका. तुमचे कंत्राट याच महिन्यात नूतनीकरणाला आहे ना?” आणि तक्ता तिच्याकडे परत आला तेव्हा तिची दुरुस्ती खोडलेली होती. खोडलेल्या ओळीवर जुना आकडा पुन्हा, तपासणार वापरतो त्या लाल शाईत. खोडणाऱ्याची आद्याक्षरेसुद्धा नाहीत. ‘तयार करणार’ या रकान्यात मात्र तिची सही जशीच्या तशी ठेवली होती.

तिने त्या तक्त्यावर पुन्हा सही करण्यास नकार दिला. तसे लेखी दिले. मजकूर तिचा आहे, मी फक्त तारीख घालायला सांगितले. पुढे काय होईल मला माहीत नाही. ती अजून रोज सकाळी स्कूटर काढते, आणि ती परत येईपर्यंत माझे लक्ष फाटकाकडे असते.

आता मागणी.

चौथ्या पत्रात मी ज्या इसमाकडून जाहीर खुलासा मागितला होता, तो इसम मी आहे. खुलासा असा: मी पाहिले नाही, ऊन होते, आणि मला माझ्या अक्षराचा गर्व होता. ही गोष्ट चाचांच्या गाडीसमोर, रस्त्यावरच्या माणसांदेखत, मी गेल्या रविवारी मोठ्याने वाचून दाखवली. चार-पाच जण थांबले. एकाने विचारले, “बाबा, काय विकायलात?”

माझे उत्तर झाले. आता ‘तपासणार’ या सहीच्या धन्याने द्यावे. मला पत्र नको, जावक क्रमांक नको, दप्तरी दाखल नको. दर रविवारी सकाळी मी टेकडीच्या पायथ्याशी त्याच बाकड्यावर असतो. त्यांनी लाल शाईचा तक्ता घेऊन यावे. आमच्याबरोबर वर चढावे, हवे तर सावकाश, आम्हालाही घाई जमत नाही. पत्र्याचा कोणताही एक क्रमांक निवडावा, त्याखालच्या काडीला स्वतःच्या नखाने ओरखडा काढावा, आणि खाली येऊन सर्वांसमक्ष एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. उलटतपासणीत वकील विचारतात तसा तो साधा प्रश्न आहे.

माझ्या नातीने लिहिलेला खरा आकडा आपण खोडला, त्यापूर्वी आपण ही टेकडी पाहिली होती का? हो की नाही?